नवजात बाळाच्या पोटाचा साधा एक्स-रे: आतड्याचा अडथळा कसा वाचायचा

रात्री अकराच्या पुढे व्हॉट्सअॅपवर येणारा फोटो बहुधा असाच असतो: व्ह्यू बॉक्सवर तिरकी लावलेली फिल्म, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. खाली एक ओळ, ‘सर, दोन दिवसांचं बाळ, पोट फुगलंय, ऑब्स्ट्रक्शन आहे का?’ माझं उत्तरही ठरलेलं असतं. फिल्मवर बोलण्याआधी मी विचारतो, ‘उलटी कसल्या रंगाची?’

हा लेख असे फोटो पाठवणाऱ्यांसाठी आहे. एसएनसीयूतले (सरकारी रुग्णालयातल्या आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातले) मेडिकल ऑफिसर, तालुक्याच्या गावी एकट्याने बालरुग्णालय चालवणारे डॉक्टर, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट. साध्या एक्स-रेवरून रोगाचं नाव सांगता आलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. अडथळा आहे का, असला तर वर आहे की खाली, आणि बाळाला आज रात्रीच सर्जनकडे न्यायचं की सकाळपर्यंत थांबता येईल, एवढं फिल्मवरून काढता आलं तरी बाळाचं काम होतं.

फिल्मच्या आधी

हिरवी उलटी म्हणजे पित्त जठरात उलटं येतंय, म्हणजे अडथळा पित्तनळी जिथे उघडते त्याच्या खाली आहे. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याला पीळ पडलाय असंच धरायचं. पण ‘हिरवी’ या शब्दावर विसंबू नका. घरचे पिवळ्यालाही हिरवं म्हणतात, हिरव्याला पिवळं म्हणतात, आणि सुरुवातीच्या चिकाचा पिवळेपणा वेगळाच. आजीला सांगा, ‘बाळानं ओकलेलं दुपटं दाखवा.’ पालकाच्या भाजीचं पाणी सांडल्यासारखा डाग दिसला की पुढची चर्चा बंद, सर्जनला फोन.

मग बाकीचे प्रश्न. पहिली काळी शी कधी झाली? पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त बाळांना ती २४ तासांत होते. मात्र शी झाली म्हणून अडथळा नाही असं समजू नका. ती महिनोन् महिने आधी पोटातच तयार झालेली असते. अडथळ्याच्या खाली साठलेली तेवढी बाहेर पडते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत गर्भजल जास्त होतं का, आईला मधुमेह होता का, सिझेरियनआधी मॅग्नेशियम दिलं होतं का, हेही विचारा. आणि लंगोट सोडून शीची जागा स्वतः बघा. सिस्टरनी ‘नॉर्मल’ लिहिलंय यावर जाऊ नका. जांघा चाचपा. फिल्मवर तासभर डोकं खाजवल्यावर जांघेत अडकलेला हर्निया सापडणं ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि ती माझ्यावर एकदा आली आहे.

फिल्म कधी आणि कशी काढायची

नवजात बाळाच्या पोटाच्या एक्स-रेत एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बाळ जन्मतं तेव्हा आतड्यात हवा नसते. पहिल्या रडण्याबरोबर ते हवा गिळायला लागतं आणि ती हवा खाली सरकत जाते: काही मिनिटांत जठरात, साधारण ३ तासांत लहान आतड्यात, ८ ते ९ तासांत मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे, २४ तासांत गुदाशयात. म्हणजे फुकटचं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर आतडं उठून दिसावं म्हणून देतात ते औषध). म्हणूनच फिल्मवर काढल्याची वेळ आणि बाळाचं वय तासांत लिहिलेलं हवं. ४ तासांच्या बाळाच्या गुदाशयात हवा नसणं साहजिक आहे, ४० तासांच्या बाळात ते बोलकं आहे. कमी दिवसांचं, आजारी किंवा गुंगीतलं बाळ हवा कमी गिळतं आणि आतडंही मंद चालतं, तेवढी सूट द्यायची.

पहिली फिल्म उताणं झोपवून, समोरून. वर स्तनाग्रांच्या रेषेपासून खाली मांड्यांपर्यंत सगळं यायला हवं. दोन्ही जांघा फिल्मबाहेर गेल्या असतील तर पुन्हा काढावी लागेल. दुसरी फिल्म बाळाला न हलवता, आडव्या किरणाने बाजूने. बाळाला बगलेत धरून उभं करायची आणि ‘इरेक्ट’ काढायची जुनी सवय अजून खूप ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. बाळ गारठतं, नळ्या निसटतात, आणि फ्लुइड लेव्हल (आतड्यात पाणी आणि हवा यांच्यामधली सपाट रेघ) मोजून निदानात फारशी भर पडत नाही. फुटलेल्या आतड्यातली मोकळी हवा शोधायची तर आडव्या किरणाची फिल्म पुरते. किंवा बाळाला डाव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं ठेवून काढलेली. त्यात हवा वर, यकृताच्या कडेला जमते आणि नीट दिसते.

कॅसेट थंडगार असते. खाली दुपटं घाला. मॉनिटरच्या वायरी बाजूला करा. वॉर्मर किंवा इन्क्युबेटरच्या झाकणाला गोल भोक असतं, त्याची काळी चकती नेमकी पोटावर पडते आणि रात्रीच्या झोपेत कुणीतरी तिला मोकळी हवा समजतं.

नळीचं काय? पोट फुगलेल्या बाळाला नळी टाकून जठर रिकामं करायलाच हवं, त्यासाठी एक्स-रेची वाट बघायची नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की सगळी हवा ओढून घेतल्यावर काढलेली फिल्म फसवते, वरच्या अडथळ्याचे फुगे त्यात दिसतच नाहीत. शंका असेल तर त्याच नळीतून २० ते ३० मिली हवा हळूच आत सोडा, फिल्म घ्या आणि हवा परत ओढून घ्या.

एक गोष्ट मात्र फिल्मच्या आधी करू नका: गुदद्वारात बोट, थर्मामीटर, सपोझिटरी किंवा एनिमा. बाहेरून हवा आत गेली की ‘गुदाशयात हवा आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. आधीच केलं असेल तर निदान लिहून ठेवा.

वाचायला कुठून सुरुवात

नजर आपोआप फुगलेल्या आतड्याकडे जाते. तिला आवरा आणि कडेने आत या.

आधी हाडं. मणके वेडेवाकडे आहेत का, माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी पूर्ण आहे का, कारण गुदद्वाराच्या आणि अन्ननलिकेच्या जन्मजात दोषांबरोबर मणक्यांचे दोष येतात. मग बाजू. हृदय डावीकडे आणि जठराचा फुगा उजवीकडे असं काही दिसलं तर आतडंही चुकीचं वळलेलं असण्याची शक्यता वाढते. मग नळीचं टोक कुठे आहे. नळी छातीतच वेटोळं घालून बसली असेल आणि पोटात हवेचा ठिपकाही नसेल, तर अन्ननलिका बंद आहे आणि खालच्या भागाचा श्वासनलिकेशी जोड नाही. पोटाची फिल्म बघताना निदान छातीत सापडतं ते असं.

मग मोकळी हवा. उताण्या फिल्मवर ती पोटाच्या मधोमध मोठ्या काळपट लंबगोलासारखी पसरते आणि त्यात यकृतावरून एक पांढरा धागा उभा उतरलेला दिसतो, तो म्हणजे फाल्सिफॉर्म लिगामेंट. एरवी आतड्याच्या भिंतीची आतली बाजूच दिसते. बाहेरचीही रेघ कोरल्यासारखी दिसू लागली तर हवा दोन्ही बाजूंना आहे, आतडं फुटलंय. आडव्या किरणाच्या फिल्मवर पोटाच्या पुढच्या भिंतीखाली काळा त्रिकोण शोधा. त्वचेच्या घडीची रेघ फसवते, पण ती पोटाच्या बाहेरपर्यंत जाते.

पोटात चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर आतडं आईच्या पोटातच फुटून गेलं होतं, त्या शीचा चुना झाला आहे. मुलगा असेल तर अंडकोषाच्या पिशवीतही बघा, ठिपके तिथे उतरलेले असतात. आतड्याच्या भिंतीत हवेचे मणी किंवा रेघा, आणि यकृतावर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्या तर विषय आतडं सडण्याचा आहे. तो वेगळा आणि मोठा, इथे एवढंच.

आता फुगे मोजा

निरोगी बाळाच्या पोटात हवा सगळीकडे पसरलेली असते, आणि आतड्याची वेटोळी एकमेकांना टेकून बहुकोनी दिसतात, फरशीच्या तुकड्यांसारखी. अडथळ्यात हे कोपरे गोल होतात. लांबट, सायकलच्या फुगलेल्या ट्यूबसारख्या नळ्या एकमेकींवर पडतात. मापाला मी कमरेच्या पहिल्या मणक्याची रुंदी धरतो. वेटोळं त्याहून स्पष्टपणे रुंद असेल तर ते फुगलंय. ठोकताळाच आहे, पण रात्री उपयोगी पडतो.

एकच फुगा, खाली काहीच नाही: जठराच्या खालच्या तोंडाशीच अडथळा. हे फार क्वचित. उलटी पांढरी असते. तीन-चार आठवड्यांच्या बाळाची फवाऱ्यासारखी पांढरी उलटी हा निराळा आजार, त्याला सोनोग्राफी.

दोन फुगे. इथे थांबू, कारण चुका इथेच होतात.

डावीकडचा मोठा फुगा जठराचा, मणक्याच्या उजवीकडचा ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा. दोन्ही गोल, ताठ, आणि खाली पोट अगदी पांढरं, हवेचा मागमूस नाही. हे ड्युओडेनल अट्रेशियाचं, म्हणजे ड्युओडेनम जन्मतःच बंद असण्याचं चित्र. उजवा फुगा एवढा मोठा का, तर आईच्या पोटात कित्येक आठवडे बंद तोंडाशी पाणी ढकलत तो ताणला गेलेला असतो. या बाळांपैकी सुमारे एकतृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो, हृदयाचे दोषही बरोबर येतात. म्हणून नळीने जठर रिकामं ठेवून, सलाइन लावून, इको करून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली तरी चालतं.

आता दुसरी फिल्म डोळ्यांपुढे आणा. जठर थोडं फुगलेलं, ड्युओडेनमचा फुगा बेताचाच, आणि खाली इकडे-तिकडे थोडी हवा. नवखा माणूस म्हणेल, ‘खाली हवा गेली आहे, म्हणजे पूर्ण अडथळा नाही, सकाळी बघू.’ आणि हेच बाळ हातचं जातं. अर्धवट अडथळा म्हणजे ड्युओडेनममधला पडदा, बाहेरून आवळणारं पँक्रियाज (स्वादुपिंड) किंवा मालरोटेशनमध्ये (आतडं जन्मतः चुकीचं वळलेलं असताना) पडलेला पीळ. पीळ नवा असतो, ड्युओडेनमला फुगायला वेळच मिळालेला नसतो. सगळं लहान आतडं एका अरुंद देठाभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत आतडं काळं पडतं. जी फिल्म बघायला भयानक ती कमी घाईची, आणि जी सौम्य ती जास्त घाईची. मी रेसिडेंटना हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

याहून कठीण म्हणजे पिळाच्या बाळाची फिल्म चक्क नॉर्मल असू शकते. हिरव्या उलटीपुढे नॉर्मल एक्स-रेला किंमत नाही. अशा बाळाला तोंडातून किंवा नळीतून कॉन्ट्रास्ट देऊन ड्युओडेनम मणक्याच्या डाव्या बाजूला जाऊन वर चढतो की नाही हे त्याच दिवशी बघायचं, किंवा सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांभोवती आतड्याची भोवरी शोधायची. बाळ निपचित असेल, पोट लाल-काळं दिसत असेल, शीत रक्त असेल तर एकही तपासणी नको. थेट थिएटर.

तीन फुगे: जेजुनमच्या (लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या) सुरुवातीला अडथळा. तिसरा फुगा बहुधा डावीकडे, जठराच्या खाली. जेजुनम आणि इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) अट्रेशियाचं कारण ड्युओडेनमच्या अट्रेशियापेक्षा वेगळं आहे. आतड्याच्या त्या तुकड्याचा रक्तपुरवठा गर्भातच तुटलेला असतो. हे १९५५ मध्ये केपटाउनला लौ आणि बर्नार्ड यांनी कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधून दाखवून दिलं. यातला बर्नार्ड तोच, ज्याने १९६७ साली पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं. हृदयामुळे त्याचं हे काम लोक विसरले.

खूप फुगे म्हणजे अडथळा खाली

पोटभर फुगलेली वेटोळी दिसली की पुढचा मोह आवरा: ‘हे लहान आतडं, हे मोठं आतडं’ असं ठरवण्याचा. नवजात बाळाच्या मोठ्या आतड्यावर घड्या स्पष्ट नसतात, आणि फुगलेलं लहान आतडंही कडेला जाऊन बसतं. साध्या फिल्मवरून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. जो सांगतो तो अंदाज सांगतो. रिपोर्टमध्ये ‘खालचा अडथळा’ एवढंच लिहा.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गुदाशयात हवा पोचली आहे का? उताण्या फिल्मवर ती मूत्राशयामागे लपते. बाळाला पालथं करा, ढुंगणाखाली दुपट्याची गुंडाळी घालून ते थोडं उंच करा, आणि आडव्या किरणाने बाजूने फिल्म घ्या. हवा वर चढायचा नियम पाळते, आणि गुदाशय आता वर आहे. तिथे चांगली रुंद हवा भरली तर जंतुसंसर्गाने आतडं मंद झालं असण्याची शक्यता वाढते. ती पोचलीच नाही किंवा बारीक धाग्यासारखी दिसली, तर अडथळा खरा.

खालच्या अडथळ्यात यादी छोटी आहे: इलियमचा अट्रेशिया, मेकोनियम इलियस, हर्शस्प्रंग, आणि मोठ्या आतड्याची डावी बाजू तात्पुरती बारीक राहणं. हे शेवटचं बऱ्याचदा मधुमेही आईच्या बाळात दिसतं आणि कॉन्ट्रास्ट एनिमानेच मोकळं होतं. मेकोनियम इलियसमध्ये शी डिंकासारखी चिकट होऊन इलियममध्ये अडकते. उजवीकडे खाली साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे दिसतात आणि एवढं फुगूनही फ्लुइड लेव्हल कमी, कारण आतलं हलतच नाही. फेस इतर अडथळ्यांतही दिसू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून नाव पक्कं करू नका. पण मेकोनियम इलियस ठरला तर सिस्टिक फायब्रोसिसची (शरीरातले स्राव चिकट करणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करायचीच. ‘आपल्याकडे तो आजार नसतो’ हे वाक्य मी फार ऐकलंय, ते खरं नाही.

हर्शस्प्रंग साधारण पाच हजारांत एका बाळाला होतो. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, म्हणून तो भाग सैल होत नाही. निदान बायॉप्सीने. फिल्म फक्त संशय देते.

यापुढची वाट कॉन्ट्रास्ट एनिमाची, आणि तो बालशल्यचिकित्सक असतील तिथेच व्हावा. मोठं आतडं दोरीसारखं बारीक निघालं तर त्यात कधी काही उतरलंच नाही, अडथळा इलियमपाशी. मेकोनियम इलियससाठी हेलन नोब्लेट यांनी १९६९ मध्ये गॅस्ट्रोग्राफिनचा एनिमा देऊन शस्त्रक्रियेवाचून शी सोडवायची पद्धत मांडली. ते औषध शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. सलाइनची सोय नसलेल्या ठिकाणी कुणी उत्साहाने दिलं तर बाळ शॉकमध्ये जाईल.

शीची जागाच नसेल तर

इथे घाईने काढलेली फिल्म निरुपयोगी. आधी प्रकाशात नीट बघा: लघवीतून शी येते का, मुलीच्या योनीमार्गाजवळ किंवा शिवणीवर बारीक छिद्र आहे का. बहुतेक बाळांत असा आडमार्ग असतो आणि सर्जनचा निर्णय त्यावरच होतो. काहीच सापडलं नाही तर १८ ते २४ तास थांबा, हवा तळापर्यंत ढकलली जाऊ द्या. मग जिथे गुदद्वार असायला हवं तिथे त्वचेवर छर्रा किंवा शिशाचा तुकडा चिकटवून, वर सांगितल्याप्रमाणे पालथं, ढुंगण उंच करून, आडव्या किरणाची फिल्म. हवेचं टोक आणि त्वचेतला फरक १ सेंटिमीटरच्या आत असेल तर दोष खालचा.

पूर्वी यासाठी बाळाला पाय धरून उलटं लटकवत. १९३० मध्ये वँगन्स्टीन आणि राइस यांनी ती पद्धत आणली आणि पन्नास वर्षं चालली. १९८३ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या मंडळींनी पालथ्या फिल्मवरही तेच, किंबहुना जास्त नीट दिसतं हे दाखवलं. तरीही उलटं टांगून काढलेल्या फिल्म अजून अधूनमधून माझ्याकडे येतात. ओकणाऱ्या बाळाला उलटं धरणं धोक्याचं आहे, सोडून द्या.

फसवणारी पोटं

सीपॅपवरच्या (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावरच्या) बाळाचं सगळं आतडं हवेने भरलेलं असतं, पण सारखं भरलेलं, गुदाशयापर्यंत, आणि पोट मऊ. नळी उघडी ठेवा, सहा तासांनी पुन्हा बघा. जंतुसंसर्ग, पोटॅशियम कमी होणं, आईला दिलेलं मॅग्नेशियम, थायरॉइड कमी असणं, या सगळ्यांत आतडं मंदावतं आणि फिल्म अडथळ्यासारखी दिसते. उलटंही खरं: अडथळ्याच्या बाळाला जंतुसंसर्ग होतोच, आणि ‘सेप्सिस आहे’ म्हणून चार दिवस अँटिबायोटिक बदलत राहण्यात वेळ जातो. आठ तासांच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म शेजारी लावा. एकच वेटोळं त्याच जागी, तसंच फुगलेलं दिसत असेल तर थांबू नका.

पाठवताना

दूध बंद. ८ नंबरची नळी, तोंड उघडं, खाली सोडलेली, दर तासाला सिरिंजने ओढून. नळीला बूच लावून पाठवलेलं बाळ वाटेत ओकतं आणि ते ओकलेलं फुप्फुसात जातं. जेवढं निघतं तेवढं सलाइनने भरून द्या. साखर तपासा, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद करा, पहिला अँटिबायोटिक डोस द्या. बाळाला टोपी, मोजे, कोरडं दुपटं. मी शस्त्रक्रियेआधी हरलेली जी बाळं बघितली, त्यातली काही वाटेतल्या गारठ्याने हरली होती. बाळाबरोबर खरी फिल्म द्या आणि आईच्या रक्ताचा नमुना. आई स्वतः येऊ शकत नसेल तर संमतीसाठी वडील.

आणि १०८ ची गाडी दारात यायच्या आत पलीकडच्या सर्जनला फोन. एवढंच बोला: ‘सर, ३० तासांचं मुलगी बाळ, पूर्ण दिवसांचं, वजन २.६. पहाटेपासून तीनदा हिरवी उलटी, दुपटं मी स्वतः बघितलं. काळी शी एकदा झाली. शीची जागा आणि जांघा ठीक. फिल्मवर जठर आणि ड्युओडेनम थोडं फुगलेलं, खाली तुरळक हवा, मोकळी हवा नाही. पोट मऊ आहे. नळी उघडी आहे, सलाइन चालू आहे, गाडी निघतेय, दोन तासांत पोचेल.’ सर्जन एकच प्रश्न विचारतील, ‘बाळाचा रंग कसा आहे?’ उत्तर देण्याआधी एकदा मागे वळून बाळाकडे बघा.